मुळापासून

‘अ‍ॅलोपॅथी रोग दाबते, आयुर्वेद तो मुळापासून काढतो.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. मी ते आमच्या वाडीतल्या किराणावाल्याकडून ऐकलंय, ऑफिसच्या कॅबवाल्या दादाकडून ऐकलंय, आणि एकदा तर रक्त घ्यायला घरी आलेल्या लॅबच्या पोराकडून, माझ्या दंडाला रबर बांधता बांधता. बहुतेक आजारांच्या बाबतीत हे वाक्य फार सैल आहे. पण माझ्या आजाराच्या बाबतीत त्याचा पहिला अर्धा भाग जवळजवळ खरा आहे. म्हणून मला ते हसण्यावारी नेता येत नाही.

मला हाशिमोटो थायरॉइडायटिस आहे. चोविसाव्या वर्षी निदान झालं, आता अठ्ठावीस चालू आहे. साध्या भाषेत सांगायचं तर कुंपणानेच शेत खाणं. बाहेरच्या जंतूंवर सोडायच्या पेशी आणि अँटिबॉडीज आपल्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला परकं समजतात आणि वर्षानुवर्षं तिला कुरतडत राहतात. ग्रंथी थकली की थायरॉक्सिन कमी पडतं. मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ‘अजून बनव, अजून बनव’ म्हणून टीएसएच वाढवत नेते. रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलेला जो आकडा बघून आपण घाबरतो, तो म्हणजे हा ओरडा. निदान होण्याआधीच्या मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, मी कूलरसमोरून उठून शाल घेऊन बसायचे. घरच्यांना वाटायचं, पोरगी कामाला कंटाळली.

यावरची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, चहाच्या अर्धा-एक तास आधी. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घ्यायच्या नाहीत, नाहीतर शोषली जात नाही. एका गोळीची किंमत टपरीवरच्या कटिंगपेक्षा कमी. तिच्यात काही गूढ नाही. शरीरात कमी पडलेला हार्मोन, जसाच्या तसा. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी तो ग्रंथीतून वेगळा काढला, १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. गोळी काम करते. मी शाल सोडली, हे मी शपथेवर सांगते.

पण ती कुंपणाला हातही लावत नाही. शेत जेवढं खाल्लं जातं तेवढं धान्य रोज बाजारातून आणून कोठीत टाकायचं, असा तो प्रकार. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की आधी पॅच मारायचा, सिस्टिम उभी करायची आणि दुसऱ्या दिवशी ‘रूट कॉज’ शोधायला मीटिंग बोलवायची. हाशिमोटोच्या बाबतीत ती मीटिंग अजून संपलेली नाही. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये चार बायकांच्या सुजलेल्या ग्रंथींचं वर्णन छापलं. त्या ग्रंथी लिम्फोसाइट पेशींनी गच्च भरलेल्या होत्या, पण का, ते त्याला सांगता येणं शक्यच नव्हतं. ते १९५६ मध्ये कळलं, जेव्हा लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, इव्हान रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडल्या. हाशिमोटो तोवर वारला होता. वडील गेल्यावर संशोधन सोडून तो गावी परतला आणि तिथेच डॉक्टरकी करत राहिला. आज आपल्याला चोर कोण ते माहीत आहे. त्याला धरायचं कसं, ग्रंथी वाचवून आणि बाकी प्रतिकारशक्ती शाबूत ठेवून, यावर रोजच्या वापरातलं औषध नाही.

म्हणजे ‘मुळापासून हवंय’ ही मागणी अडाणीपणाची नाही. ती अगदी बरोबर मागणी आहे. प्रश्न इतकाच, की मुळापर्यंत पोचतो असं जो म्हणतो त्याने काय दाखवायला हवं, आणि त्याने काहीच दाखवलेलं नसताना त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणायचं.

हा प्रश्न मला पडला तो ताईमुळे. ताई म्हणजे माझी मामेबहीण, काटोलला असते. थायरॉइड घराण्यात फिरतो, त्यामुळे तिलाही हाच आजार. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल हवंय. गेल्या दिवाळीनंतर तिने गोळी बंद केली आणि एक पावडर सुरू केली. पावडर देणारे गृहस्थ वैद्य आहेत की नाहीत हे तिला नीट माहीत नाही, पण त्यांच्याकडे गर्दी असते. डब्यावर ‘शुद्ध जडीबुटी’ एवढंच लिहिलंय. एका रात्री तिचा फोन आला. ‘तू वाचून राहिली ना सगळं थायरॉइडचं? मंग सांग ना खरं खरं. यानं मुळातून जाईल का?’

आता, मी डॉक्टर नाही. मी कोड लिहिते. पण इंजिनियरिंगने एक सवय लावली आहे : कोणी म्हणालं ‘चालतं’, तर विचारायचं, कशावर चालवून बघितलं?

तर काय काय चालवून बघितलं आहे ते मी शोधलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त सापडलं. कलौंजी घ्या. इराणमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हाशिमोटोच्या ४० रुग्णांवर केलेला प्रयोग छापला. एका गटाला रोज दोन ग्रॅम कलौंजीची पूड, दुसऱ्याला नुसती दिखाऊ पूड, आठ आठवडे. कलौंजीच्या गटात टीएसएचही उतरला आणि टीपीओ अँटिबॉडीही. अश्वगंधा घ्या. २०१८ मध्ये आपल्याकडच्याच संशोधकांनी थायरॉइड थोडा मंदावलेल्या ५० जणांवर रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क देऊन बघितला, तोही आठ आठवडे. टीएसएच आणि थायरॉक्सिन दोन्ही सुधारले. हळदीतलं कर्क्युमिन तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत भलतंच पराक्रमी आहे. सूज पेटवणारी पेशीतली जी मोठी कळ आहे, एनएफ-कप्पा-बी नावाची, ती ते दाबतं. गुग्गुळातल्या गुग्गुलस्टेरोनने उंदरांची थायरॉइड तेज झाल्याचे जुने भारतीय प्रयोग आहेत.

इथपर्यंत वाचून ताईला लगेच फोन करून ‘घे बिनधास्त’ म्हणावंसं वाटतं. पण चाळीस माणसं आणि आठ आठवडे म्हणजे आमच्याकडे डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालणं. तिथे चालतं ते सगळीकडे चालतंच असं नाही, हे पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळतं. शिवाय बशीतलं कर्क्युमिन आणि पोटातलं कर्क्युमिन यांत फार अंतर आहे. ते आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, शरीरात पटकन मोडतं, आणि वर चाचण्यांना चकवायची त्याला खोड आहे. २०१७ मध्ये औषधी-रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा मोठा आढावा घेऊन बऱ्याच उत्साहावर पाणी ओतलं. इथे कुणीतरी हळदीच्या पेटंटची गोष्ट काढतोच. काढावीही, जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, हा अभिमानाचा भाग आहे. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते इतकंच, की हे ज्ञान आपलं आहे आणि जुनं आहे. ते माझ्या थायरॉइडला लागू पडतं, हा अगदी वेगळा दावा. ‘आपलं आहे’ आणि ‘गुण येतो’ ही दोन वाक्यं आपण एका श्वासात बोलतो म्हणून ती एक होत नाहीत.

असंच कांचनार गुग्गुळाचं. गलगंडावरचं हे जुनं, मान्यवर औषध. त्यातला कांचन म्हणजे आपल्या आपट्याचा सख्खा चुलतभाऊ, दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून सर्रास विकला जातो तोच. पण जुन्या ग्रंथांतला गलगंड म्हणजे गळ्यावर आलेली गाठ, आणि गाठ येण्याची कारणं अनेक. मीठ आयोडीनयुक्त होण्याआधी कितीतरी ठिकाणी ते कारण आयोडीनची कमतरता हे असायचं. हाशिमोटोत पुष्कळदा गाठ नसतेच. माझी ग्रंथी तर उलट आक्रसलेली आहे. सुजेला दिलेलं नाव उचलून अँटिबॉडीला लावलं की औषधाला दोन हजार वर्षांचा अनुभव फुकटात मिळतो.

आणि एक गंमत, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीएसएच हा आकडा स्वतःच हलतो. दिवसात हलतो, आठवड्यागणिक हलतो. माणूस औषध कधी सुरू करतो? आकडा वाईट आला की. मग पुढचा आकडा, काहीही न करता, जरा बरा येण्याची शक्यता चांगली असते. युरोपात पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. या सगळ्यांचा थायरॉइड किंचित मंद होता. अर्ध्यांना लेव्होथायरॉक्सिन, अर्ध्यांना दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांचा सरासरी टीएसएच ६.४० वरून वर्षभरात ५.४८ वर आला. कशाने? कशानेच नाही. त्या वर्षात त्यांनी पावडर घेतली असती तर पावडरीचा जयजयकार झाला असता.

पण ही चाचणी दुधारी आहे, आणि तिची दुसरी धार लपवणं अप्रामाणिक ठरेल. ज्यांना खरी गोळी दिली त्यांचा आकडा आणखी छान खाली आला, आणि तरी त्यांचा थकवा, त्यांची लक्षणं दिखाऊ गोळीवाल्यांपेक्षा काही सुधारली नाहीत. म्हणजे वयस्कर माणसांच्या किंचित वाढलेल्या टीएसएचवर जगभर लिहून दिलेल्या कितीतरी गोळ्या आकड्याला बरं वाटावं म्हणून दिलेल्या होत्या. अलार्म बंद केला म्हणजे बग गेला असं होत नाही. हे पावडरवाल्यालाही लागू आणि पांढऱ्या कोटालाही. फरक असलाच तर एवढा, की आपली गोळी निरुपयोगी ठरते हे त्या लोकांनी स्वतः मोजलं आणि स्वतः छापलं.

‘जडीबुटीनं नुकसान तर नाही ना होत?’ ताईचा पुढचा प्रश्न. हे दुसरं लाडकं वाक्य. मला वाटतं, यातच खरी गफलत आहे, कारण आपण एकाच तोंडाने दोन गोष्टी मागतो : वनस्पती इतकी ताकदवान हवी की तिने प्रतिकारशक्तीची दिशा वळवावी, आणि इतकी गरीब हवी की तिने दुसऱ्या कशालाच धक्का लावू नये. चीनमध्ये एक वेल आहे, लेइ गोंग तेंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. तिच्यातलं ट्रिप्टोलाइड रोगप्रतिकारक पेशींना खरोखरच लगाम घालतं. संधिवाताच्या २०७ रुग्णांवरच्या चिनी चाचणीत तिचा अर्क मेथोट्रेक्सेटच्या तोडीस तोड उतरला. तो निकाल २०१४ मध्ये छापून आला. ही झाली मुळापर्यंत पोचणारी जडीबुटी. आणि हीच वेल बायकांची पाळी बंद पाडते, पुरुषांचे शुक्राणू घटवते, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा करते. मूल हवं असलेल्या बाईला ती कोणी देऊ नये. तिच्यात बळ आहे म्हणूनच ती धोक्याची आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आमच्या वाडीत, अमरावती रोडवरचे ट्रक आणि ट्रान्सपोर्टची गोदामं ओलांडून आत वस्त्यांत आलात की कडुनिंबावर चढलेली गुळवेल दिसते. कडुनिंबावरची गुळवेल सर्वात गुणकारी, असं मानतात. करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या निंबावरची वेल लोकांनी बुंध्यापर्यंत कापून नेली. आयुष मंत्रालयानेही तेव्हा गुळवेल सुचवली होती. आईने काढा केला. बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत शिफ्टला जाताना अर्धा कप पिऊन जायचे.

गुळवेलीची गोष्ट मुंबईत घडलेली आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वात शिकण्यासारखी वाटते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत आयुर्वेदिक वनस्पतींवर कसून काम केलं. ना भाबडेपणा, ना तुच्छता. त्यांच्या गटाने १९९३ मध्ये पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीचे उपचार सगळ्यांना; अर्ध्यांना वर गुळवेल. ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यातल्या निम्म्या रुग्णांना सेप्टिसिमिया झाला, गुळवेलवाल्यांत एकालाही नाही. जंतू गिळणाऱ्या पेशी गुळवेलीने जाग्या होतात, असं त्यांच्या कामातून दिसत होतं. छोटा अभ्यास, पण काय अभ्यास! मरणाच्या दारातली माणसं, आणि वेल कामी आली.

आता २०२१. त्याच मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सहाही जणांनी करोनाकाळात गुळवेल घेतली होती, सहाही जण यकृताला इजा होऊन आले. त्यांत चार बायका होत्या. त्यांच्यात न कळलेला ऑटोइम्यून प्रवृत्तीचा यकृताचा आजार आधीपासून दबा धरून असावा आणि गुळवेलीने तो उघडा पाडला असावा, असा डॉक्टरांचा तर्क होता. सोबतीला हायपोथायरॉइडिझमसारखे आजार होतेच. आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला : वनस्पती नीट ओळखलीच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. आक्षेप रास्त होता. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास छापला, त्यानंतरही मंत्रालयाने गुळवेल सुरक्षितच असल्याचं म्हटलं. वाद मिटलेला नाही.

पण या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकीत प्रतिकारशक्ती ढेपाळलेली, जंतू चढाई करून आलेले. तिथे पेशी जाग्या करणारी वेल जीव वाचवते. दुसरीत प्रतिकारशक्तीच चुकीच्या दाराशी लाठी घेऊन उभी. तिथे तीच वेल तिच्या हातात दुसरी लाठी देते. वेलीचा गुण दोन्हीकडे एकच. ‘इम्युनिटी बूस्टर’ या शब्दाने काय केलं, तर हा फरकच पुसून टाकला. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे मोबाइलची बॅटरी, जितकी जास्त तितकी चांगली. माझ्यासारखीला इम्युनिटी वाढवण्याच्या शुभेच्छा देणं म्हणजे घरात सासू-सुनेचं भांडण पेटलेलं असताना ‘आवाज वाढो’ म्हणण्यासारखं आहे.

गमतीचा भाग असा की हे मला सर्वात स्पष्ट शब्दांत सांगितलं ते एका वैद्यांनी. नागपुरातले म्हातारे वैद्य, आईच्या आग्रहाखातर मी गेले होते. त्यांनी नाडी बघितली, झोपेची चौकशी केली, पाळीची केली, माझे रिपोर्टही नीट वाचले आणि म्हणाले, ‘गोळी सोडू नको. आणि कोणी गुळवेल दिली तर घेऊ नको, तुझं काम ते नाही.’ मी विचारलं, पण सगळे तर घेतात? ‘सगळ्यांना एकच औषध, हे आमचं शास्त्रच नाही बाळा. ते दुकानाचं शास्त्र आहे.’

मला तेव्हा इंग्लंडमधला क्लिफर्ड आठवला. विल्यम क्लिफर्ड हा गणितज्ञ. त्याने १८७७ मध्ये विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला पैसे लागतील, मनात शंका आहे. पण तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी केल्या, हीही होईल, देव आहे. आणि अगदी मनापासून, निष्पाप विश्वासाने माणसं भरलेलं जहाज सोडतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरीही तितकाच दोषी असता. कारण समोर होता त्या पुराव्यावर असा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता.

पावडरवाले गृहस्थ मनापासून विश्वास ठेवत असतील. मला त्यांना भोंदू म्हणायची घाई नाही. त्यांच्याकडे बरे झालेले लोक पेढे घेऊन येतात, हे खरं असणार. पण जे बरे झाले नाहीत ते पेढे घेऊन येत नाहीत, ते फक्त यायचे थांबतात. त्यांची वही ठेवली का? डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलं का? इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये अमेरिकेत छापून आली, त्यांतल्या जवळपास पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आपल्याकडचा १९५४ चा औषधं आणि जादूटोणा उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा गलगंडावर इलाज म्हणून जाहिरात करायला बंदीच घालतो. पण ताईला पावडर कळली ती जाहिरातीतून नाही. नणंदेच्या मैत्रिणीने सांगितलं. जिव्हाळ्याने पसरणाऱ्या गोष्टीला कुठला कायदा गाठणार?

क्लिफर्डला विल्यम जेम्सने १८९६ मध्ये उत्तर दिलं, आणि ते मला टाळता येत नाही. तो म्हणाला, काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत. न निवडणं हीही निवडच असते. अशा वेळी माणसाने आपल्या जोखमीवर विश्वास ठेवला, तर तुम्ही कोण त्याला अडवणारे? ताई एकतीस वर्षांची आहे. चांगली मोठी चाचणी होईपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नाही. ज्या ओपीडीत तिचं निदान झालं, तिथे डॉक्टरांनी दोन मिनिटांत, स्क्रीनवरून मान न उचलता, ‘आयुष्यभर घ्यावी लागेल’ एवढंच सांगितलं. पावडरवाल्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं. सासूचं काय, झोपेचं काय, रडू कधी येतं. पावडर सुरू केल्यावर तिला पहिल्या महिन्यात खरंच बरं वाटलं, ती खोटं बोलत नाही. कोणीतरी नीट ऐकल्याने माणसाला बरं वाटतं. ते बरं वाटणं मी कशाच्या बळावर हिसकावून घेऊ? तिला बरं वाटत होतं, पण माझ्याकडे आलेखावर दाखवायला तिचा टीएसएच होता : गोळी सोडून अडीच महिने झाले होते आणि तो चौदाच्या वर गेला होता. थायरॉक्सिन शरीरातून हळूहळू उतरतं, निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सोडल्यावर काही दिवस काहीच बिघडत नाही, आणि माणसाला वाटतं, बघा, तिच्याशिवायही चालतंय.

जेम्सचं म्हणणं मी एका अटीवर मान्य करते : जोखीम ज्याची, विश्वास त्याचा. माझ्या एकटीच्या शरीराचा प्रश्न असेल तर मी कलौंजी चमच्याने खाईन, कोणाच्या बापाचं काय जातं. पण ताईला मूल हवंय. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागायला साधारण तीन महिने जातात, पूर्ण भार पेलायला त्याहून जास्त. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच येतं. आणि पहिले काही आठवडे तर आईलाच माहीत नसतं की आपल्याला दिवस गेलेत. म्हणजे ही पैज लावताना टेबलावर तिसऱ्याच कोणाचं तरी काही ठेवलेलं असेल. क्लिफर्डच्या जहाजावरही मालक स्वतः नव्हता.

हे सगळं मी तिला असं सांगितलं नाही. क्लिफर्ड-बिफर्ड तर अजिबात नाही. मी तिला म्हटलं, मुळातून जाईल का, याचं उत्तर आज नाही असं आहे. गोळीनेही नाही आणि पावडरीनेही नाही. गोळी तसं म्हणतही नाही. मूल हवं असेल तर गोळी उद्या सकाळपासून, आणि डॉक्टर बदल, मी येते सोबत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तू पण तेच म्हटलं, आयुष्यभर.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांत मलाही ते वाक्य पूर्ण गिळता आलेलं नाही. पॅचवर चालणाऱ्या सिस्टिम मी रोज बघते. ज्या बँकेत तुमचे पैसे आहेत तिचं सॉफ्टवेअर अशा पॅचवर चालतं की बघून झोप उडेल, आणि तरी सकाळी एटीएममधून नोटा येतात. पण ते बँकेचं. स्वतःच्या गळ्याबद्दल असं ऐकायला कोणाला आवडतं? बायोडेटात ‘आरोग्य : उत्तम’ असं आईने लिहिलंय, मी ते खोडलं, आईने परत लिहिलं. आमचं त्यावर अजून चालूच आहे.

ताईने गोळी सुरू केली. नव्या डॉक्टरबाईंनी डोस ठरवून दिला आणि सहा आठवड्यांनी परत टीएसएच करायला सांगितलाय, तो नीट बसेपर्यंत मुलाचं थोडं लांबवा म्हणाल्या. पावडरबद्दल त्यांनी विचारलं, ‘यात काय आहे?’ ताईला सांगता येईना. त्यात अश्वगंधा असेल तर गरोदरपणात ती टाळायची असते, आणि काय आहे तेच माहीत नसेल तर टाळायचं की नाही हे ठरवणार तरी कसं, असं त्या न रागावता म्हणाल्या. ताईने पावडर थांबवली आहे, फेकलेली नाही. पुढच्या सोमवारी ती डबा घेऊन त्या गृहस्थांकडे जाणार आहे, आत काय काय आहे ते कागदावर लिहून मागायला. मी सुट्टी टाकलीये. वाडीहून काटोल तासा-दीड तासाचा रस्ता. बोलणार ती, मी नुसती शेजारी बसणार.